सात गच्च्यांच्या पलीकडं

भाद्रपद सरत आला की आमच्या कॉलनीतल्या माणसांच्या बोलण्यात खंड पडायला लागतो. फाटकाशी उभं राहून कुणी सोयाबीनचं, कुणी पोरांच्या शाळेचं सांगत असतं, आणि मधेच थांबून नाल्याकडं बघतं. ऐकणाराही तिकडंच बघत असतो. मग दोघं पुन्हा सोयाबीनवर येतात. गोदावरी इथून दोनेक किलोमीटरवर आहे, घरातून दिसत नाही. पण ती काठोकाठ भरली, की तिला जाऊन मिळणारा हा नाला उलटा वाहायला लागतो. पाणी नदीकडं जायचं सोडून घरांकडं येतं, आणि येताना आवाजही करत नाही.

आज सकाळपासून आभाळ तसंच आहे. शाळेला सुट्टी दिली आहे. कपडे काढायला म्हणून गच्चीवर आले आणि दोरीपाशीच उभी राहिले. ओल्या सिमेंटचा वास येत होता. त्या पुराला तीन वर्षं झाली, पण हा वास आला की माझे हात आपोआप काहीतरी उचलायला शोधतात.

नांदेडच्या या कडेला पूर्वी काळं रान होतं. रानाचे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं झाली. आमचंही त्यातलंच एक. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा नवरा मिलिंद एसटीत कंडक्टर आहे. मैत्री ही आमची एकुलती एक लेक, त्या वर्षी दहा वर्षांची होती. तिला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळं अडचणीच्या वेळची तयारी हा आमच्या घरात रोजचाच विषय. वाफ द्यायचं मशीन कुठं, दम्याचा पंप कुठं, डॉक्टरांचा नंबर कुठं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

आमच्या शेजारी बिराजदार काका राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मूळचे किल्लारीकडचे. तिथल्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. त्याविषयी ते बोलत नसत, पण त्यांचं घर बघितलं की कळायचं. सगळी कॉलनी मजल्यावर मजला चढवत असताना त्यांनी घराला स्लॅब टाकला नाही, वर पत्रेच ठेवले. कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला ठोकलेली. पलंगाच्या उशाशी जड असं काही नाही. आणि दाराजवळ, हात लांब केला की येईल अशी, एक पिशवी. तिच्यात बॅटरी, शिट्टी, बिस्किटं, कागदपत्रं, दोरी, काकूंच्या बीपीच्या गोळ्या. आम्हालाही त्यांनी तशी पिशवी भरायला लावली होती. "दाराजवळच ठेवा, मॅडम. पळता पळता उचलता आली पायजे." मी ठेवली. गल्लीतले बाकीचे हसायचे.

त्यांना आणखी एक सवय होती. वर्षातून एकदा वही घेऊन ते घरोघर जायचे. घरात किती जण, कोण कुठल्या खोलीत झोपतं, कुणाला कसलं औषध चालू आहे, सगळं विचारून लिहून घ्यायचे. लोक वैतागायचे. "आपण कुठं झोपतो ते यांना कशाला पाहिजे?" असं मीच मिलिंदला म्हटलं होतं.

त्या दुपारी पाणी दारातून आलंच नाही. मोरीतून बुडबुड आवाज आला, म्हणून मी बघायला गेले, तर जाळीतून काळं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. गोणपाट टाकलं, वर पाटा ठेवला. तोवर मागून मैत्री म्हणाली, "आई, माझे पाय भिजले." अर्ध्या तासात पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं. सगळ्यांत आधी मी वाफेचं मशीन वर नेलं. मग पिठाचा डबा, पाण्याची कळशी, सुक्या चादरी, बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यांचा पुडा. चौथ्या खेपेला पाणी कमरेच्या वर होतं आणि फरशीवर पाय ठरेनात. वर येऊन मी मशीनकडं बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, हे आधी आणलं. वीज तेव्हाच गेलेली होती. आणि पंप मैत्रीच्या शाळेच्या दप्तरात होता. दप्तर खाली, दारामागच्या खुंटीला.

काका-काकू आमच्याकडंच आले. पत्र्याच्या घराला गच्ची कुठली? काकूंना धरून छातीइतक्या पाण्यातून ते जिन्यापर्यंत पोचले. दाराजवळची त्यांची पिशवी सगळ्यांत आधी पाण्याखाली गेली होती. माझीही. संकट आलं की माणसानं बाहेर पळायचं, एवढं त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं. वर पळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. येताना त्यांनी एकच वस्तू आणली होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत खोचलेली ती वही.

मिलिंदचा फोन लागला. तो देगलूरच्या डेपोत होता. "रस्ता बंद झालाय," तो म्हणाला. "काही झालं तरी गच्ची सोडू नको." मला हसूच आलं. गच्ची सोडून जायला होतं काय?

चारी बाजूंनी चहाच्या रंगाचं पाणी. त्यात फाटकांची वरची टोकं, विजेचे खांब, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची. पाणी एवढं, पण प्यायला गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच. काकांनी टाकीत काठी बुडवून बघितलं आणि माणशी किती पेले ते ठरवून दिलं. टाकीच्या मागं चादर बांधून आडोसा केला, तोच संडास. पाऊस थांबायचा, पुन्हा लागायचा. आणि खालच्या खोलीत आमचा फ्रिज तरंगत होता. थोड्या थोड्या वेळानं तो भिंतीवर आदळायचा. धप्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा धप्. कुणाला तरी आपणच खाली कोंडून आलोय आणि तो आतून दार ठोकतोय, असं वाटायचं. मैत्रीनं कानांवर हात ठेवले होते.

वरच्या खोलीत काकू, मैत्री आणि मी. काका बाहेर ताडपत्रीखाली, अर्धे भिजत बसलेले.

"काका, आत या ना," मी म्हटलं.

"स्लॅब हाय वर," ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

मी पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्या खाली पाणी होतं आणि आत स्लॅब. आम्ही अडकलो होतो त्यापेक्षा ते जास्त अडकले होते, आणि तरी सगळ्यांचे पेले तेच मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीला दम लागला. ओलसर गादी, कुबट हवा, भीती, काय काय कारण असेल. आधी खोकला, मग ती शिट्टी, जी मला दोन खोल्यांपलीकडूनही ऐकू येते. खांदे वर-खाली व्हायला लागले. "आई" हा एवढासा शब्द तिला दोन श्वासांत म्हणावा लागला. मशीन माझ्या मांडीवर होतं आणि त्याची वायर खाली लोंबत होती. मी उठले आणि जिना उतरायला लागले. सहा पायऱ्या आणि मग पाणी. बुडी मारून दारापर्यंत गेले, तर फ्रिज आडवा होऊन दारातच रुतलेला. ढकलला, लाथ मारली, हलेना. नाकातोंडात पाणी गेलं तशी वर आले. मी चिखलानं माखलेली, आणि पोरगी माझ्याकडं बघतेय. आणलंस का, असं ती डोळ्यांनी विचारत होती.

काकांनी वही उघडली. पानं चिकटली होती, ती त्यांनी नखानं सोडवली. एका पानावर बोट ठेवलं. "शेख. शेवटचं घर. दमा. पंप," त्यांनी वाचलं. मग गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ते त्या पानाकडं बघत राहिले.

शेख चाचा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात, मधे सात गच्च्या. जन्मभर ट्रक चालवला आणि आता चार शेळ्या पाळल्या आहेत. त्या शेळ्यांनी माझी जास्वंद दोनदा बुडख्यापर्यंत खाल्ली होती. त्यावरून फाटकाशी मोठं भांडण झालं, आणि वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. त्या दिवशी शेळ्याही त्यांच्या गच्चीवरच होत्या आणि त्यांचं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकावं लागत होतं.

काका कठड्याशी गेले आणि ओरडले, "मॅडमच्या पोरीला पंप पायजे! शेख चाचाकडं सांगा!"

शेजारच्या गच्चीनं पुढच्या गच्चीला ओरडून सांगितलं. तिनं त्याच्या पुढच्या. तिकडून उलटं उत्तर आलं, "लाईट न्हाई, पंप चालवून काय करता? एवढं पाणी उपसायचं कुठं?"

"पाण्याचा न्हाई!" काकांचा आवाज फाटला. "दम्याचा! दम्याचा पंप! पोरीला श्वास येईना!"

मग एकदम शांत झालं. फक्त निरोप पुढं पुढं जाताना ऐकू येत होता, लांब जाईल तसा बारीक होत. 'दम्याचा', 'श्वास', 'मॅडमची पोरगी'. शेवटी तर शेळ्यांच्या आवाजात काही कळेचना. मी मैत्रीला मागून मिठीत धरून बसले होते. तिच्या बरगड्या माझ्या छातीवर आपटत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पलीकडून कुणीतरी ओरडलं, "निघाला! डबा निघाला!"

स्टीलचा छोटा डबा हातोहात कठडे ओलांडत येत होता. मधे मात्र एक प्लॉट रिकामा आहे. तिथं नुसतं पाणी, आणि दोन्हीकडच्या गच्च्यांमधे तीसेक फुटांचं अंतर. डबा फेकला आणि पडला तर संपलंच. पलीकडच्या गच्चीवर येलमेवाडांची सून लक्ष्मी उभी होती. लग्न होऊन नुकतीच आलेली, कुणाशी मान वर करून न बोलणारी. तिनं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली, टोकाला कुलूप बांधलं आणि डोक्यावर गरागरा फिरवून सोडून दिली. पहिल्यांदा कुलूप पाण्यात पडलं. दुसऱ्यांदा कठड्याला लागून परत गेलं. तिसऱ्यांदा ते अलीकडच्या गच्चीवर वर काढून ठेवलेल्या कॉलमच्या गजांना जाऊन वेढा घालून बसलं. डबा कडीनं त्या दोरीला अडकवला आणि तो घसरत अलीकडं आला. "माहेरी जवारीत पाखरं हाकायला गोफण फिरवायचे मी," हे तिनं मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं.

डब्यात मळक्या रुमालात गुंडाळलेला पंप होता. मी पाण्याच्या बाटलीचं बूड कापलं, कडेला कापड गुंडाळलं आणि ते मैत्रीच्या तोंडावर धरून बाटलीच्या तोंडातून पंप दाबला. डॉक्टरांनी एकदा असं दाखवलं होतं. एक दाब, सहा श्वास. पुन्हा एक दाब. काकू मोठ्यानं श्वास मोजत होत्या. अर्ध्या तासानं मैत्रीनं पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं. "आई, या रुमालाला शेळीचा वास येतोय." काकू हसल्या आणि हसता हसता पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

मी कठड्याशी जाऊन चाचांना हात केला. सात गच्च्यांपलीकडं ते दिसत होते. दोन्ही मुठी कठड्यावर टेकवून पुढं झुकलेले. त्यांनी हात हलवला नाही. मला वाटलं, अजून राग गेलेला नाही. जास्वंदीवरून मी फार बोलले होते.

संध्याकाळी, पोर शांत झोपल्यावर, काका पहिल्यांदा भूकंपाबद्दल बोलले. मी काही विचारलं नव्हतं. पाण्याकडं बघत म्हणाले, "आमच्या हातात फावडी होती, मॅडम. माणसं होती. ताकद होती. पण भावाची लेकरं त्या दिवशी कुठल्या खोलीत निजली होती, ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही पुढं वसरीत खणून राहिलो. लई वेळ खणलं. लेकरं आतल्या माळवदाच्या खोलीत होती." मग त्यांनी वही पुन्हा प्लास्टिकमधे गुंडाळली. खाली दारात रुतलेला फ्रिज करकरला. आम्ही दोघंही दचकलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी हातभर उतरलं आणि बोट आली. ती पलीकडच्या टोकाकडून आली आणि सगळ्यांत आधी चाचा तिच्यात बसले. कुणाच्या तरी खांद्यावर कलंडून, मान खाली घालून. गल्लीत दोन तान्ही बाळं होती, एक बाळंतीण होती. मला ते खटकलं. "बघा, पहिले हे निघाले," असं मी काकूंना म्हणालेही. काका शेजारीच होते. त्यांनी ऐकलं आणि टाकीकडं तोंड फिरवलं.

पाणी गेल्यावर चिखल राहिला. घोट्याच्या वर, काळा, घाण वासाचा. मिलिंद आला, आणि दोन दिवस आम्ही नुसतं घर बाहेर काढून उन्हात मांडत होतो. पाचव्या दिवशी मी पंप धुऊन पुसून, रुमाल साबणानं धुऊन घडी करून चाचांकडं गेले. दारात त्यांची सून शबाना चिखल लोटत होती.

"चाचा आहेत का?"

"अब्बा दवाखान्यात हायत," ती म्हणाली. "ऑक्सिजन लावलाय. आता बरे हायत म्हणतात डॉक्टर."

"काय झालं?"

तिनं माझ्या हातातल्या पंपाकडं बघितलं. "एकच होता ना, मॅडम. तुम्हाला न्हाई सांगितलं कुणी?"

कठड्यावर टेकवलेल्या त्या मुठी मला तेव्हा दिसल्या. दम लागलेलं माणूस तसंच उभं राहतं. खांदे वर करून, हातांवर भार देऊन. दहा वर्षं मी माझ्या लेकीला तसं बसलेलं बघत आले होते, आणि सात गच्च्यांवरून मला तो राग वाटला होता.

परत आले तेव्हा काका अंगणात फावड्यानं चिखल ओढत होते. मी विचारलं, "काका, त्यांच्याकडं एकच पंप होता. तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"वहीत होतं?"

"लिवलेलं होतं." त्यांनी दोन फावडी चिखल बाजूला टाकला. "दोघांचं नाव एकाच वहीत होतं, मॅडम. मी मागितलं. द्यायचं का न्हाई, ते त्यानं ठरवलं." त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि पत्र्याखाली जाऊन बसले.

आठ दिवसांनी चाचा घरी आले. मी पंप परत दिला, नवा एकही दिला, डबाभर शिरा नेला. आमचं बोलणं सुरू झालं. पण जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

या तीन वर्षांत कॉलनी बदलली. पिशव्या आता सगळ्यांच्या वरच्या मजल्यावर असतात आणि कुणी हसत नाही. काकांनी पत्रे तसेच ठेवले, पण त्यांच्या अंगणातून थेट आमच्या गच्चीवर येणारा एक लोखंडी जिना आमच्या भिंतीला लावून घेतला. विचारलंही नाही, आणि आम्हीही काही म्हटलं नाही. रिकाम्या प्लॉटवर आता कायमची दोरी बांधलेली आहे. घर विकून दुसरीकडं जावं, असं मिलिंद दोनदा म्हणाला. गिऱ्हाईक येतं, घर बघतं, मग भिंतीवरची पाण्याची रेघ बघतं. आम्ही ती दोनदा रंगवली, पण ओल आली की ती पुन्हा वर येते. इथून आम्हाला जाता येत नाही, हे आता आम्ही दोघंही मोठ्यानं बोलत नाही. पाऊस लागला की मी मैत्रीचा श्वास ऐकत बसते. ती आता तेरा वर्षांची आहे, तिला ते आवडत नाही. "आई, मी बरी आहे," ती म्हणते, आणि मी दुसरीकडं बघत ऐकतच राहते. तिला दम लागला तर माझा हात कुणाच्या पंपाकडं जाईल, ते मला त्या दिवसापासून माहीत आहे. आणि त्याचीच मला भीती वाटते.

आज दुपारी आभाळ आणखी खाली आलं, तेव्हा छत्री घेऊन मी गल्लीच्या टोकाला गेले. चाचा शेळ्या गच्चीवर चढवत होते. तीन वर गेल्या होत्या, चौथी जिन्यावर अडून बसली होती. मी तिला मागून ढकललं. वर गेल्यावर चाचांनी चाऱ्याच्या पेंढ्या कोपऱ्यात लावल्या आणि एकेकीला खांबाला बांधायला घेतलं. त्यांना धाप लागली होती. मी ती उतरेपर्यंत थांबले.

"चाचा, एक सांगायचं होतं. तीन वर्षं झाली, सांगता आलं नाही."

"बोलो ना."

"तुमच्याकडं एकच पंप होता, हे मला त्या दिवशी माहीत असतं..." मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "माहीत असतं, तरी मी घेतला असता."

चाचांनी दोरीची गाठ पुरी केली, ओढून बघितली आणि शेळीच्या पाठीवरचं पाणी हातानं निपटलं.

"मालूम हय ना, बेटी," ते म्हणाले. "उसीच के वास्ते तो नै बोल्या."